सेवा बंद न ठेवताही बदल करता येतात. निविदेत तशी अट हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी एकाच प्रकारच्या बातम्या वाचायला मिळतात. दाखल्यांसाठी सेतू केंद्रांवर रांगा लागलेल्या असतात, प्रवेशाची आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत संपत आलेली असते, पीकविम्याची नोंदणी चालू असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत ‘सर्व्हर डाऊन’ असल्यामुळे नागरिकांना माघारी फिरावे लागते. या बातम्यांत दोष बहुधा सर्व्हरला दिला जातो आणि उपाय म्हणून सर्व्हरची क्षमता वाढवण्याची मागणी होते. मी जळगावात राहून निरनिराळ्या संस्थांच्या ऑनलाइन सेवा चालवण्याचे आणि त्यांच्या नव्या आवृत्त्या बसवण्याचे काम करतो. क्षमता कमी पडते हे काही वेळा खरे असते, कधी डेटा सेंटरकडे जाणारी वाहिनीच तुटलेली असते. परंतु सेवा खोळंबण्याचे एक मोठे कारण त्या सेवेत बदल कसे केले जातात यात दडलेले असते, आणि त्याकडे कोणीच बोट दाखवत नाही. म्हणून हे पत्र.

कोणत्याही ऑनलाइन सेवेत बदल सतत करावे लागतात. शासन निर्णय निघतो, उत्पन्नाची मर्यादा बदलते, अर्जात एक रकाना वाढतो, सुरक्षेतील एखादी त्रुटी उघड होते आणि ती त्याच दिवशी बुजवावी लागते. पूर्वीच्या रीतीत संगणकावर कार्यक्रम (प्रोग्रॅम) थेट बसवलेला असे. बदल करायचा तर तो थांबवायचा, जुन्या फायलींवर नव्या फायली टाकायच्या, सोबतची लायब्ररी, म्हणजे कार्यक्रम ज्यावर विसंबतो ते तयार कोडचे भाग, जुळते का ते पाहायचे आणि पुन्हा सुरू करायचा. हे करताना काही बिघडले, तर आधी नेमके काय होते हे कोणाला धड सांगता येत नसे. ‘तांत्रिक कारणास्तव सेवा बंद राहील’ ही सूचना त्या काळातील आहे आणि त्या काळात ती प्रामाणिकही होती.

मार्च २०१३ मध्ये डॉकर हे साधन खुले झाले आणि कंटेनरची पद्धत सर्वदूर पोहोचली. कार्यक्रम, त्याला लागणाऱ्या लायब्ररी आणि त्याची मांडणी यांची मिळून एक इमेज बनवायची. ती ज्या सर्व्हरवर न्याल तिथे तशीच चालते, आणि तिच्या चालू प्रतीला कंटेनर म्हणतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नेलमधील, म्हणजे गाभ्यातील, नेमस्पेस आणि सी-ग्रुप या सोयींमुळे एका कंटेनरला दुसऱ्याच्या फायली आणि प्रक्रिया दिसत नाहीत आणि प्रत्येकाला किती मेमरी वापरू द्यायची हे ठरवता येते. पुढे जून २०१४ मध्ये गूगलने कुबरनेटीस हा प्रकल्प खुला केला, जुलै २०१५ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली, आणि आज तो क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन या संस्थेकडे आहे. अनेक सर्व्हर एका क्लस्टरमध्ये जोडायचे आणि ‘या इमेजच्या आठ प्रती चालू हव्यात’ एवढे क्लस्टरला लिहून द्यायचे, हा त्याचा गाभा. त्यानंतर प्रत्यक्षात किती प्रती चालू आहेत हे क्लस्टर अखंड तपासत राहतो आणि कमी पडली की नवी उभी करतो.

बदलाचेही तसेच. नव्या आवृत्तीचा क्रमांक लिहून दिला की क्लस्टर आठही प्रती एकदम बदलत नाही. काहीच वेगळे सांगितले नसेल, तर एका वेळी पाव हिस्सा प्रती जास्तीच्या उभ्या करण्याची आणि पाव हिस्सा कमी पडू देण्याची त्याला मुभा असते. म्हणजे आठ प्रतींच्या सेवेत बदल चालू असताना किमान सहा प्रती लोकांची कामे करत राहतात आणि एकूण प्रती दहाच्या वर जात नाहीत. धुळ्याच्या किंवा भुसावळच्या एसटी आगारात देखभालीसाठी सगळ्या गाड्या एकाच दिवशी उभ्या करत नाहीत, थोड्या गाड्या आत घेऊन बाकीच्यांवर फेऱ्या चालू ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. ही व्यवस्था नीट केलेली असेल, तर शहाद्याच्या सायबर कॅफेत बसलेल्या विद्यार्थ्याला बदल झाल्याचे कळणारही नाही.

मग कंटेनर आणि क्लस्टर वापरणाऱ्या सेवाही का अडखळतात? याचे उत्तर तपशिलात आहे, आणि हा तपशील निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचावा अशी माझी इच्छा आहे.

नवी प्रत कामाला तयार झाली की नाही हे क्लस्टरला आपोआप समजत नाही. त्यासाठी तयारीची तपासणी, म्हणजे रीडिनेस प्रोब, लिहून द्यावी लागते. ती दिलेली नसेल, तर कंटेनरमधील प्रक्रिया सुरू झाली की प्रत तयार आहे असेच क्लस्टर धरून चालतो. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या मोठ्या सेवेला सुरू झाल्यापासून डेटाबेसशी जोडणी होऊन पहिले उत्तर देईपर्यंत बराच वेळ लागू शकतो. त्या वेळात लोकांच्या विनंत्या अर्धवट उभ्या राहिलेल्या प्रतीकडे जातात आणि त्यांना त्रुटीचे पान दिसते. इकडे क्लस्टर नवी प्रत तयार समजून जुनी प्रत मोडीत काढत असतो. तपासणी दिलेली असेल, तर नेमके उलटे घडते: नवी आवृत्ती सदोष निघाली, तर तिच्या प्रती तयारच होत नाहीत, बदल मध्येच अडकतो आणि जुन्या प्रती लोकांची सेवा करत राहतात. दहा मिनिटांत प्रगती झाली नाही की क्लस्टर हा बदल फसल्याची नोंद करतो; मात्र तो आपणहून मागे जात नाही, त्यासाठी जागता माणूस लागतो. तो माणूस कोण, हे कंत्राटात नावानिशी नाही तरी पदानिशी लिहिलेले असावे.

दुसरी तपासणी जिवंतपणाची, लाइव्हनेस प्रोब. प्रत गोठून पडली असेल, तर तिला मारून नव्याने सुरू करण्यासाठी ती असते. हिच्या चुकीच्या वापराने जेवढे नुकसान होते तेवढे ती अजिबात नसल्यानेही होत नाही, असे माझे ठाम मत आहे. तिच्यासाठी वेगळे आकडे लिहून दिले नाहीत, तर दर दहा सेकंदांनी विचारणा होते, एका सेकंदात उत्तर आले नाही की ती नापास धरली जाते आणि लागोपाठ तीन नापास झाल्या की कंटेनर मारला जातो. अर्जाच्या शेवटच्या दिवशी काय होते ते पाहा. गर्दीमुळे डेटाबेस मंदावतो. तपासणीतच डेटाबेसला प्रश्न विचारण्याची व्यवस्था केलेली असल्यामुळे उत्तराला एका सेकंदाहून अधिक वेळ लागतो. अर्ध्या मिनिटाच्या आत क्लस्टर त्या प्रतीला मृत समजून मारतो, तिच्यावरचा भार उरलेल्या प्रतींवर येतो, त्याही मंदावतात आणि त्यांचीही तीच गत होते. पुन्हा पुन्हा कोसळणाऱ्या प्रतीला नव्याने सुरू करण्यापूर्वी क्लस्टर दर वेळी दुप्पट थांबतो: दहा सेकंद, वीस, चाळीस, असे करत पाच मिनिटांपर्यंत. म्हणून गर्दी ओसरल्यावरही सेवा येत-जात राहते, आणि यावलचा किंवा अमळनेरचा पालक ‘आत्ता चालू होती, आता पुन्हा बंद’ असे म्हणत रात्रभर मोबाइलवर प्रयत्न करत बसतो. मी काम पाहिलेल्या एका संस्थेत निकालाच्या दिवशी नेमके हेच घडत होते आणि दर वेळी आणखी सर्व्हर घेण्याचा प्रस्ताव पुढे येत होता. तिथे जिवंतपणाच्या तपासणीतून डेटाबेसचा प्रश्न काढून टाकला आणि वेळेची मर्यादा वाढवली. पुढच्या निकालाला सेवा मंद झाली, पण कोसळली नाही. नवा सर्व्हर एकही लागला नाही.

आता जुन्या प्रतीच्या निरोपाविषयी. बदल होताना क्लस्टर जुन्या प्रतीला थांबण्याचा संकेत देतो आणि हातातले काम संपवायला तीस सेकंदांची मुदत देतो. ती संपली की प्रत सक्तीने बंद केली जाते. पुण्यातील कार्यालयात बसून चाचणी घेणाऱ्याला तीस सेकंद भरपूर वाटतात. धडगाव किंवा मोलगीच्या परिसरात, जिथे मोबाइलला एखाददुसरी काडी रेंज मिळते, तिथे जात प्रमाणपत्राची स्कॅन केलेली प्रत चढवायला याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. मुदत संपली की ते चढवणे मध्येच तुटते आणि आश्रमशाळेतून आलेल्या मुलाला सगळा अर्ज पहिल्यापासून भरावा लागतो. ही मुदत एका ओळीत वाढवता येते. शिवाय थांबण्याचा संकेत आणि ‘या प्रतीकडे आता कोणाला पाठवू नका’ ही वार्ता या दोन गोष्टी क्लस्टरमध्ये एकाच वेळी निघतात, आणि दुसरी सगळीकडे पोहोचेपर्यंत काही क्षण नव्या विनंत्या बंद होऊ घातलेल्या प्रतीकडे येतच राहतात. त्यासाठी थांबण्यापूर्वी काही सेकंदांचा विसावा ठेवतात. एवढी लहान गोष्ट. पण ती केली नाही, तर प्रत्येक बदलाच्या वेळी काही अर्ज मधल्यामध्ये तुटतात.

याच्याशी जोडलेली आणखी एक बाब. कंटेनरमध्ये लिहिलेली फाइल कंटेनरसोबतच नष्ट होते. लॉगिनची नोंद प्रतीच्या मेमरीत आणि चढवलेली कागदपत्रे प्रतीच्या आतल्या डिस्कवर ठेवणारी सेवा कंटेनरमध्ये नुसती उचलून ठेवली, तर प्रत बदलताच माणूस लॉगआउट होतो आणि कागदपत्र हरवते. जुन्या सेवेला कंटेनरचे वेष्टन घालून ‘आधुनिकीकरण’ झाल्याचे दाखवणारे पुरवठादार हेच करतात. अशा नोंदी सर्व प्रतींना सामाईक असलेल्या साठ्यात ठेवल्या पाहिजेत, आणि हे काम कार्यक्रम लिहिणाऱ्यानेच करावे लागते. क्लस्टर ते करून देत नाही.

मागे फिरण्याच्या सोयीबद्दल निविदांत फार तर एक वाक्य असते. कुबरनेटीस जुन्या दहा आवृत्त्यांची नोंद स्वतःहून ठेवतो आणि एका आज्ञेने मागच्या आवृत्तीवर जाता येते. परंतु दोन ठिकाणी हे फसते. इमेजला क्रमांक न देता दर वेळी ‘लेटेस्ट’ हेच नाव लावण्याची वाईट सवय अनेकांना असते. मग आजच्या आणि कालच्या इमेजचे नाव एकच असल्यामुळे मागे जायचे म्हणजे नेमके कुठे जायचे, हे क्लस्टरलाही ठाऊक नसते आणि दोन सर्व्हरवर एकाच नावाखाली दोन वेगळे कार्यक्रम चालू असण्याची शक्यता राहते. दुसरे ठिकाण डेटाबेस. कार्यक्रम मागे नेता येतो, पण नव्या आवृत्तीने डेटाबेसमधील एखादा रकाना काढून टाकला असेल, तर जुना कार्यक्रम परत आणूनही चालणार नाही. बदल चालू असताना जुनी आणि नवी आवृत्ती काही काळ शेजारी शेजारी चालतात, त्यामुळे मागे फिरायचे नसले तरीही ही अडचण येतेच. जाणकार लोक म्हणून हे काम टप्प्यांनी करतात: आधी नवा रकाना जोडायचा, मग दोन्ही रकाने चालवणारी आवृत्ती आणायची, जुनी माहिती हलवायची, आणि जुना रकाना पुष्कळ दिवसांनी, कोणीच तो वाचत नाही याची खात्री झाल्यावर काढायचा. याला वेळ लागतो आणि कंत्राटदाराला त्याचे पैसे द्यावे लागतात. ते द्यावेत. मुदतीच्या आदल्या रात्री सेवा बंद ठेवण्यापेक्षा हा खर्च थोडा आहे.

या पत्रावरून प्रत्येक कार्यालयाने लगेच क्लस्टर उभारावा असा अर्थ कृपया कोणी काढू नये. कुबरनेटीसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला सुमारे चौदा महिने दुरुस्त्या मिळतात, म्हणजे क्लस्टरही सतत अद्ययावत ठेवावा लागतो. त्याची नियंत्रणाची माहिती ठेवणारा साठा बहुमतावर चालतो, म्हणजे त्याचे निम्म्याहून अधिक सदस्य चालू असावे लागतात. तीन सदस्य ठेवले तर एक पडला तरी निभावते, दोन ठेवून काहीच साधत नाही. एखाद्या सर्व्हरशी संपर्क तुटला, तर त्यावरच्या प्रती दुसरीकडे हलवण्यापूर्वी क्लस्टर नेहमीच्या मांडणीत सुमारे पाच मिनिटे वाट पाहतो, म्हणून सगळ्या प्रती एकाच सर्व्हरवर येणार नाहीत याची तजवीज आधीच करावी लागते. हे सगळे सांभाळणारी माणसे नसतील, तर क्लस्टर हे नवे ओझे ठरते. एखाद्या तालुक्याच्या पतसंस्थेला किंवा बाजार समितीच्या दरपत्रकाला दोन सर्व्हर, प्रत्येकावर एक कंटेनर आणि पुढे विनंत्या वाटून देणारा एक लोड बॅलन्सर एवढे पुरते. आधी एक बाजूला घेऊन बदलायचा, तपासायचा, मग दुसरा. साधन लहान असले तरी रीत तीच राहते.

माणसांचा प्रश्न मात्र खान्देशात सुटण्यासारखा आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरात आणि जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा येथील महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणारी मुले आहेत. मिनीक्यूब किंवा केथ्रीएस यांसारख्या मोफत साधनांनी एका साध्या लॅपटॉपवरही लहान क्लस्टर चालवता येतो. चालू सेवेवर भार टाकून तिची आवृत्ती बदलणे, बदल मुद्दाम फसवणे आणि मागे येणे, हे प्रात्यक्षिक प्रत्येक विद्यार्थ्याने करावे. या कामासाठी मुंबई-पुण्यातच राहावे लागते असे नाही, आणि आपल्याकडची सेवा चालवणाऱ्याला आपल्याकडचे नेटवर्क कसे आहे हे ठाऊक असणे यालाही मोल आहे.

शासकीय आणि निमशासकीय कार्यालयांकडे माझी मागणी अशी आहे. नागरिकांच्या सेवेची निविदा काढताना ‘सेवा अमुक टक्के वेळ उपलब्ध राहील’ एवढ्यावर थांबू नये, कारण त्या टक्क्यांतून नियोजित देखभालीचा वेळ बहुधा वगळलेला असतो आणि बदलाचे सगळे खोळंबे त्या नावाखाली लपतात. कामकाजाच्या वेळेत, सेवा चालू ठेवून आवृत्ती बदलण्याची अट स्पष्ट शब्दांत घालावी. सेवा स्वीकारण्यापूर्वी अधिकाऱ्यांसमोर प्रत्यक्ष चाचणी घ्यावी: शेवटच्या दिवसाएवढी गर्दी कृत्रिमरीत्या निर्माण करावी, त्या गर्दीत आवृत्ती पुढे न्यावी, मुद्दाम एक सदोष आवृत्ती बसवून पाहावी, मागे आणावी, आणि या सर्व काळात किती विनंत्या फसल्या याची नोंद मागावी. एक चाचणी मंद जोडणीवरून मोठी फाइल चढवत असताना घ्यावी, आणि ती शक्यतो धडगावहूनच घ्यावी. मुदत संपण्याच्या आधीच्या आठवड्यात सुरक्षेच्या दुरुस्तीखेरीज कोणताही बदल करू नये. आणि सेवा खोळंबली की तिचे कारण व कालावधी संकेतस्थळावर जाहीर करावा, म्हणजे सेतू केंद्रातील चालकाला लोकांचा राग विनाकारण झेलावा लागणार नाही.

या अटींसाठी कोणतेही नवे तंत्रज्ञान विकत घ्यावे लागत नाही. पुढील शैक्षणिक वर्षाच्या अर्जांना अजून अवधी आहे. निदान शिष्यवृत्ती आणि दाखल्यांच्या सेवांची ही चाचणी त्यापूर्वी घ्यावी आणि तिचा निष्कर्ष आपल्यासारख्या दैनिकांतून तिन्ही जिल्ह्यांच्या नागरिकांसमोर ठेवावा, अशी माझी संबंधित विभागांना आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक संगणक अभियंता, जळगाव